वहीत मांडलेला राजवाडा: चिनी दरबारी कादंबऱ्या समजून घेताना

चिनी राजदरबाराच्या पार्श्वभूमीवर रचलेली ऐतिहासिक अद्भुत कादंबरी हाती घेतली, की मराठी वाचक साधारण पहिल्या पन्नास पानांतच अडखळतो. ड्रॅगन, शाप, भविष्यवाण्या तो सहज पचवतो. अडतो तो नावांपाशी. एकाच स्त्रीला पहिल्या प्रकरणात एक नाव असते, पाचव्यात दुसरे, मुलगा झाल्यावर तिसरे. सम्राटाला तर कोणी नावाने हाकच मारत नाही. पुढे पदांची लांबलचक उतरंड येते, खोज्यांची कुजबूज येते, एका पेटीतल्या कागदासाठी भावाभावांत वैर येते, आणि हे सारे लेखकाने कल्पनेने रचले असावे असे वाटू लागते. प्रत्यक्षात यातला फार मोठा भाग इतिहासातून जसाच्या तसा उचललेला असतो. अशा कादंबऱ्यांमागे बहुतेक वेळा मिंग (१३६८ ते १६४४) आणि चिंग (१६४४ ते १९१२) या शेवटच्या दोन घराण्यांचा बीजिंगमधला राजवाडा असतो, आणि तो राजवाडा म्हणजे नियम, नोंदी आणि शिक्के यांवर चालणारे एक अवाढव्य दफ्तर होते. हे दफ्तर कसे चालत असे ते समजून घेतले, तर कादंबरीतली कारस्थाने कोड्यासारखी वाटत नाहीत.

सुरुवात नावांपासूनच करू. कांगशी हा चिनी इतिहासात सर्वांत दीर्घकाळ राज्य केलेला सम्राट. तो १६६१ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी गादीवर आला आणि १७२२ मध्ये मरेपर्यंत गादीवर राहिला. पण 'कांगशी' हे त्याचे नाव नव्हे. ते त्याच्या शकाचे नाव आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तसा चीनमध्ये प्रत्येक सम्राट आपला शक सुरू करत असे. त्या शकाला दोन अक्षरांचे शुभ नाव दिले जाई. कांगशी म्हणजे साधारणपणे शांती आणि भरभराट. मिंग काळापासून एका सम्राटाला एकच शक ही रीत रुळल्यामुळे पुढे लोक सम्राटालाच शकाच्या नावाने ओळखू लागले. त्याचे जन्मनाव होते श्वान्ये, आणि मरणानंतर पूर्वजांच्या देवळात त्याच्या नावाची पाटी लागली तेव्हा तिच्यावर 'शेंगझू' हे आणखी वेगळे नाव आले.

जन्मनाव उच्चारायला आणि लिहायला बंदी होती. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि घ्यायचेच झाले तर उखाण्यात गुंफून घ्यायचे, ही रीत ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना या बंदीचा गाभा कळायला वेळ लागणार नाही. मात्र तिथे ती संपूर्ण साम्राज्याला लागू होती. राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचे नाव श्वानवू होते; श्वान्ये सम्राट झाल्यावर त्यातले पहिले अक्षर त्याच्या नावात येत असल्याने दरवाजाचे नाव बदलून शेनवू केले गेले, आणि ते आजही तेच आहे. कांगशीचा मुलगा योंगझेंग गादीवर आला तेव्हा त्याच्या भावांना आपापल्या नावातले 'यिन' हे समान अक्षर सोडून 'युन' हे अक्षर घ्यावे लागले. कालपर्यंत जो बरोबरीचा भाऊ होता तो आज मालक झाला आहे, हे प्रत्येकाला आपली सही करताना आठवत राहील, अशी ती व्यवस्था होती. कादंबरीत एखादा राजपुत्र नव्या नावाने सही करताना क्षणभर थांबला असे वाक्य आले, तर त्याचे वजन एवढे असते.

स्त्रियांच्या नावांचे गणित वेगळे. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची पद्धत आपल्याला परिचयाची आहे. तिथे पद बदलले की नाव बदलत असे. १८३५ मध्ये जन्मलेली येहे नारा कुळातली एक मुलगी १८५२ मध्ये खालच्या पदावर राजवाड्यात आली. १८५४ मध्ये एक पायरी वर चढल्यावर तिला 'यी' हे नाव मिळाले, १८५६ मध्ये सम्राटाला मुलगा दिल्यावर तिचे पद आणखी वाढले, पुढच्याच वर्षी पुन्हा वाढले, आणि सम्राटाच्या मृत्यूनंतर राजमाता झाल्यावर तिला 'त्सिशी' हा सन्मान मिळाला. जगाला ती याच नावाने माहीत आहे. पुढे महत्त्वाच्या समारंभांच्या निमित्ताने त्या सन्मानात दोन-दोन अक्षरांची भर पडत गेली आणि तिच्या हयातीतच तो सोळा अक्षरांचा झाला. तिचे बालपणीचे नाव मात्र खात्रीने सांगता येईल अशी अधिकृत नोंद नाही. दफ्तराला तिचे कूळ आणि तिचे पद एवढेच हवे होते.

आता जागा समजून घेऊ, कारण या कथांमध्ये कोण कुठल्या दरवाजाच्या आत आहे यावर निम्मा अर्थ अवलंबून असतो. राजवाड्याचे बांधकाम १४०६ ते १४२० या काळात मिंग सम्राट योंगलने करवून घेतले. उत्तर-दक्षिण ९६१ मीटर, पूर्व-पश्चिम ७५३ मीटर असा हा आयत आहे आणि त्याभोवती ५२ मीटर रुंदीचा खंदक आहे. इथे मिंगांचे १४ आणि चिंगांचे १० असे २४ सम्राट नांदले. दक्षिणेकडचा अर्धा भाग बाहेरचा दरबार. तिथल्या भव्य सभागृहांत राज्यारोहण आणि मोठे समारंभ होत. छियानछिंग नावाचा दरवाजा ओलांडला की आतला दरबार सुरू होतो, म्हणजे सम्राटाचे घर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना राण्यांचे पूर्वेकडचे सहा आणि पश्चिमेकडचे सहा वाडे.

नकाशा पाहिला तर सत्ता त्या भव्य सभागृहांत असावी असे वाटते. चिंग काळात ती तिथे नव्हती. योंगझेंगने मधल्या मुख्य महालात राहायचे सोडून पश्चिमेकडच्या यांगशिन या तुलनेने आटोपशीर महालात मुक्काम हलवला आणि त्यापुढचे सम्राट तिथूनच कारभार करू लागले. त्याच्याच काळात, लष्करी मोहिमांच्या निमित्ताने, सम्राटाला रोज भेटणाऱ्या मोजक्या मंत्र्यांचे एक मंडळ तयार झाले. त्यांची कचेरी म्हणजे छियानछिंग दरवाजाशेजारची एक बैठी, साधी ओळ. साम्राज्याचे सर्वांत गुप्त निर्णय तिथे लिहिले जात, कारण ती ओळ सम्राटाच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होती. प्रांतांतून आलेल्या अर्जांवर सम्राट स्वतः लाल शाईने शेरे मारत असे. सम्राट वारला की सुतकाच्या काळात तीच लेखणी निळ्या शाईत बुडवली जाई. कागद उघडताच शाईचा रंग पाहून दूरच्या सुभेदाराला बीजिंगमध्ये काय घडले ते कळत असे. अद्भुत कादंबरीच्या लेखकाला याहून सुंदर खूण शोधून सापडायची नाही.

राण्यांची उतरंड हा या साऱ्या प्रकाराचा कणा आहे. चिंग दरबारात ती आठ पायऱ्यांची होती. सर्वांत वर सम्राज्ञी म्हणजे हुआंगहौ, एकच. तिच्याखाली हुआंगग्वेफेई, तीही एकच. मग ग्वेफेई दोन, फेई चार आणि पिन सहा. त्याखालच्या ग्वेरेन, चांगझाय आणि दायिंग या तीन पायऱ्यांवर कितीही स्त्रिया असू शकत. वरच्या जागा मोजक्या आणि खाली गर्दी, यातच सगळ्या कथानकांचे बीज आहे. पिनच्या सहाही जागा भरलेल्या असतील, तर ग्वेरेनला वर चढण्यासाठी कोणीतरी आणखी वर सरकायला हवे, बदनाम व्हायला हवे किंवा मरायला हवे.

प्रत्येक पायरीला वर्षाची नेमणूक ठरलेली होती आणि ती चांदीत मोजली जाई. मोजमाप होते लियांग, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम, आपल्या तीन तोळ्यांहून थोडे जास्त. सम्राज्ञीला वर्षाला १,००० लियांग, हुआंगग्वेफेईला ८००, ग्वेफेईला ६००, फेईला ३००, पिनला २००, ग्वेरेनला १००, चांगझायला ५० आणि दायिंगला ३०. दासींची संख्याही याच क्रमाने उतरत जाई: सम्राज्ञीकडे दहा, ग्वेरेनकडे चार, दायिंगकडे दोन. मांस, भाज्या, मेणबत्त्या, कोळसा, रेशीम, सगळ्यांची मापे पदानुसार लिहून ठेवलेली होती. हिवाळ्यात बीजिंगचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. अशा ठिकाणी 'तिचे पद उतरवले' या एका वाक्याचा अर्थ मान कमी झाला एवढाच नसतो, खोलीतली शेगडी रात्री किती वेळ धगधगेल हेही त्या वाक्यात ठरते. मला या कादंबऱ्यांतली सर्वांत खरी दृश्ये ती वाटतात, ज्यांत कुणी विष घालत नाही, फक्त कोळसा वेळेवर पोहोचवत नाही.

याच वहीत सम्राज्ञीच्याही वर एक नाव आहे. राजमातेची वार्षिक नेमणूक होती २० लियांग सोने आणि २,००० लियांग चांदी, म्हणजे सुनेच्या दुप्पट चांदी आणि वर सोने. आई-वडिलांचा मान सर्वांत थोर मानणाऱ्या त्या संस्कृतीत सम्राटदेखील आईपुढे गुडघे टेकत असे. म्हणून ज्या स्त्रीचा मुलगा गादीवर येईल, तिचे भाग्य एका दिवसात पालटत असे. आणि जन्म दिला म्हणून मूल तिच्याजवळ राहीलच असे नव्हते. खालच्या पदावरच्या स्त्रीचे मूल वरच्या पदावरच्या राणीकडे वाढवायला दिले जाई. योंगझेंगची जन्मदात्री त्याच्या जन्माच्या वेळी खालच्या पदावर होती, त्यामुळे तो तोंगजिया कुळातल्या वरिष्ठ राणीच्या हाताखाली वाढला. जन्मदात्री आणि पालनकर्ती यांच्यात वाटला गेलेला मुलगा हा या कथाप्रकारात वारंवार येतो, तो इथून.

या उतरंडीत मुली येत कशा? मिंगांचा कल सामान्य घरांतून राण्या निवडण्याकडे होता, म्हणजे सासुरवाड डोईजड होत नाही. चिंग घराणे मांचू होते आणि त्यांची सारी प्रजाव्यवस्था 'आठ निशाणे' या लष्करी गटांवर उभी होती, म्हणून त्यांनी निराळी वाट काढली. दर तीन वर्षांनी निशाणांतल्या अधिकारी घरांतल्या, साधारण १३ ते १६ वर्षांच्या मुलींना राजवाड्यात हजर करावे लागे, आणि ही हजेरी लागल्याशिवाय त्यांचे लग्न लावायला बंदी होती. मुली रात्री गाड्यांतून निघत, गाड्यांचा क्रमही निशाण आणि दर्जा पाहून लावलेला असे, आणि पहाटे उत्तरेच्या शेनवू दरवाजातून, म्हणजे ज्याचे नाव बदलले त्याच दरवाजातून, त्या आत जात. आत पाच-सहा जणींच्या रांगा उभ्या राहत. प्रत्येकीच्या नावाची लाकडी पट्टी असे. पसंत पडली तर पट्टी ठेवून घेत, नाही तर बाजूला टाकत. निवडल्या गेलेल्या सगळ्याच सम्राटाच्या राण्या होत नसत; कित्येकींची लग्ने राजपुत्रांशी आणि राजकुळातल्या तरुणांशी लावली जात. थोडक्यात, हे राजघराण्याचे वधूवर सूचक खाते होते आणि त्यातून कोणत्या कुळाला किती जवळ करायचे तेही ठरत असे. दासींची निवड वेगळी, दरवर्षी होणारी. त्या सम्राटाच्या खासगीतल्या सेवक कुळांतून येत आणि योंगझेंगच्या काळापासून वयाच्या पंचविसाव्या वर्षी सुटून घरी परतू शकत. कादंबरीतली दासी बोटांवर वर्षे मोजताना दिसते ती याच पंचविसाव्या वर्षाकडे डोळे लावून.

खासगी हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठेशाहीत राज्याच्या कारभारापेक्षा वेगळे असे खासगीचे खाते असे; त्याच धर्तीवर पण कितीतरी पट मोठे असे चिंग सम्राटाचे 'नेइवूफू' हे खाते होते. स्वयंपाकघर, पागा, वैद्य, नान्जिंग, सूचौ आणि हांगचौ इथले रेशीम कारखाने, राजवाड्यातले खोजे, सगळे या खात्याच्या ताब्यात होते. खोज्यांना असे बांधून ठेवण्यामागे कटू अनुभव होता. मिंग काळात खोजे प्रचंड प्रबळ झाले होते. जहाजांचा प्रचंड काफिला घेऊन १४०५ पासून सात सफरी काढणारा आणि केरळातल्या कालिकतपर्यंत येऊन गेलेला दर्यावर्दी झेंग ह हा खोजा होता, आणि सतराव्या शतकात वेइ झोंगश्येन या खोज्याने मंत्र्यांचे बळी घेत जवळजवळ सारे राज्य हाती घेतले होते. म्हणून १६५५ मध्ये चिंग सम्राटाने खोज्यांनी राज्यकारभारात लुडबूड करू नये असा हुकूम लोखंडी पाटीवर कोरून राजवाड्यात उभा केला. परवानगीवाचून राजधानी सोडणेही त्यांना मना होते.

तो हुकूम शोभेचा नव्हता, हे १८६९ मध्ये दिसले. राजमाता त्सिशीचा लाडका खोजा आन दहाय ड्रॅगनची निशाणे लावलेल्या नौकांतून मोठ्या थाटात दक्षिणेकडे निघाला; बाल सम्राटाच्या होऊ घातलेल्या लग्नासाठी वस्त्रे आणायला जातो आहे, असे तो सांगत होता. शानदोंग प्रांताचा सुभेदार दिंग बाओझेन याने त्याला धरले. त्याच्याजवळ लेखी हुकूम नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीच्या नियमाचा आधार घेऊन जिनान शहरात त्याचा शिरच्छेद झाला, आणि साम्राज्यातल्या सर्वांत सामर्थ्यवान स्त्रीलाही त्यावर उघडपणे काही करता आले नाही, कारण नियम तिच्याच सासऱ्यांच्या पूर्वजांचा होता. जाता जाता, या दिंग बाओझेनला पुढे मिळालेला मानाचा किताब होता 'गोंगबाओ'. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आपण 'कुंग पाओ' म्हणून जो पदार्थ मागवतो, त्याचे नाव याच किताबावरून आले आहे.

गादीचा वारस कोण, हा प्रश्न मात्र कित्येक पिढ्या नियमांनाही सुटला नाही. कांगशीच्या पट्टराणीने १६७४ मध्ये यिन्रंग या मुलाला जन्म दिला आणि त्या बाळंतपणातच ती गेली. शोकात बुडालेल्या सम्राटाने पुढच्याच वर्षी त्या तान्ह्या मुलाला युवराज म्हणून जाहीर केले. युवराज जाहीर झाला म्हणजे वाद मिटला, असे आपल्याला वाटते. तिथे उलटे झाले. कांगशीचे जे मुलगे क्रमवारीत मोजले गेले, त्यांची संख्या होती २४. बाप साठ वर्षे राज्य करणार होता. आणि युवराजाभोवती एक तट, त्याच्या विरोधकांभोवती दुसरा, असे दरबाराचे तुकडे पडत गेले. १७०८ मध्ये शिकारीच्या मुक्कामावर, रात्री आपल्या तंबूच्या फटीतून युवराज डोकावतो असा आरोप खुद्द सम्राटाने केला आणि त्याला पदावरून काढले. १७०९ मध्ये पुन्हा नेमले, १७१२ मध्ये पुन्हा काढले. बापाने मुलाला दोनदा उचलले आणि दोनदा टाकले; मधल्या चार वर्षांत त्या घरात जे झाले असेल ते लिहायला कोणत्याही लेखकाला जादूची गरज पडू नये.

तरीही जादू तिथे होतीच. १७०८ मध्येच तिसऱ्या राजपुत्राने बापाला कळवले, की थोरल्या राजपुत्राने एका लामाकडून युवराजावर करणी करवली आहे. तपास झाला, जमीन खणली गेली आणि दहाहून अधिक वस्तू पुरलेल्या सापडल्या. कांगशीसारख्या, गणित आणि खगोल शिकलेल्या सम्राटानेही तो पुरावा मानला: युवराजाची विचित्र वागणूक करणीमुळे होती असे ठरले, थोरल्याला कायमचे नजरकैदेत टाकले गेले आणि युवराजाचा परतीचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या अठराशे वर्षे आधी, इसवी सनपूर्व ९१ मध्ये, हान सम्राट वू याच्या दरबारातही पुरलेल्या बाहुल्यांच्या आरोपावरून युवराज आणि त्याची आई या दोघांचा अंत झाला होता. करणी खरी की खोटी हा प्रश्न इथे दुय्यम आहे. ती कायद्याने मोठा गुन्हा होती, तिचा पुरावा जमिनीतून काढता येत होता, आणि म्हणून पेरताही येत होता. अद्भुत कादंबरी एवढेच करते, की त्या पुरलेल्या बाहुलीला खरोखर डोळे उघडायला लावते.

भावांच्या या भांडणातून चौथा राजपुत्र वर आला, तोच योंगझेंग. त्याने १७२३ मध्ये शोधलेला उपाय साधा होता. वारसाचे नाव जाहीर करायचेच नाही. सम्राटाने ते स्वतः लिहून, पेटीत मोहोरबंद करून, छियानछिंग महालात सिंहासनाच्या वर टांगलेल्या पाटीमागे ठेवायचे आणि दुसरी प्रत स्वतःजवळ बाळगायची. सम्राट गेला की दोन्ही कागद ताडून पाहायचे. पाटीवर मोठ्या चार अक्षरांत लिहिले आहे: सरळ, थोर, स्वच्छ, प्रकाशमान. तिच्या मागे साम्राज्यातले सर्वांत मोठे गुपित, आणि तिच्या समोर रोज गुडघे टेकणारे राजपुत्र, ज्यांच्यापैकी कोणाचे नाव वर आहे ते कोणालाच माहीत नाही. १७३५ मध्ये पेटी उघडली तेव्हा नाव निघाले होंगलीचे, म्हणजे पुढच्या छियानलोंग सम्राटाचे. त्याच्यानंतरचे तीन सम्राटही याच पद्धतीने ठरले.

आकाशदेखील या दफ्तराच्या कक्षेत होते. सम्राटाला राज्य करण्याचा अधिकार स्वर्गाकडून मिळतो, आणि तो नालायक ठरला तर पूर, दुष्काळ, ग्रहणे यांतून स्वर्ग आपली नाराजी दाखवतो, ही फार जुनी समजूत. तिचा व्यावहारिक परिणाम असा, की ग्रहण आधी वर्तवणे हे सरकारी काम झाले आणि त्यासाठी खगोल खाते स्थापले गेले. पंचांग चुकले तर ती नुसती आकडेमोडीची चूक राहत नसे, तो राजद्रोहाच्या जवळ जाणारा विषय होई. १६६८ च्या अखेरीस तरुण कांगशीच्या दरबारात याची उघड परीक्षा झाली. युरोपीय जेझुइट पाद्री फर्दिनांद फर्बीस्ट याने दुपारी काठीची सावली नेमकी किती लांब पडेल ते आधी मोजून सांगितले, आणि सावली तेवढीच पडली. पुढच्या वर्षी खगोल खात्याची सूत्रे त्याच्याकडे आली. एका सावलीच्या लांबीवर माणसांची नशिबे फिरतात, असा प्रसंग कादंबरीत वाचला तर आपण त्याला अद्भुत म्हणू.

अमरत्वाचे वेड हा त्याच समजुतींचा अंधारा भाग. मिंग सम्राट जियाजिंग (राज्यकाल १५२१ ते १५६७) ताओ पंथाच्या विधींत आणि आयुष्य वाढवणाऱ्या रसायनांत बुडाला होता. ती रसायने करण्यासाठी राजवाड्यातल्या कोवळ्या मुलींना वापरले जाई. १५४२ मध्ये एका रात्री काही दासींनी मिळून, तो झोपेत असताना रेशमी दोर त्याच्या गळ्याभोवती टाकून ओढला. गाठ चुकीची पडली आणि ती आवळली जाईना. त्यांच्यातली एक घाबरून सम्राज्ञीकडे धावत गेली, सम्राट वाचला, आणि सोळा दासींना हाल हाल करून मारण्यात आले. जियाजिंग त्यानंतर मुख्य राजवाडा सोडून पश्चिमेकडच्या उद्यानात राहायला गेला. रसायने मात्र सुटली नाहीत. मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्या गाठीपाशी थांबतो. दोर ओढणाऱ्या त्या मुलींनी नेमका काय विचार केला असेल हे दफ्तरात नाही. जिथे दफ्तर गप्प बसते तिथे कादंबरीकाराला बोलण्याचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते, आणि या प्रकारातले चांगले लेखक त्याच जागा शोधतात.

नावे, पदे, राजमातेचा मान आणि शिक्का, हे सगळे धागे एकत्र आलेले पाहायचे असतील तर १८६१ सालाकडे यावे. त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या अफूच्या युद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य बीजिंगपर्यंत पोहोचले होते. या युद्धांमागच्या अफूशी आपला संबंध आहे: माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. तर सम्राट शियनफंग राजधानी सोडून उत्तरेला चेंगदेच्या महालात गेला आणि ऑगस्ट १८६१ मध्ये तिथेच वारला. मुलगा पाच वर्षांचा. मरताना त्याने आठ कारभारी नेमले, पण दोन छोटे शिक्केही मागे ठेवले. एक सम्राज्ञीकडे, दुसरा बाल सम्राटाकडे. आणि बाल सम्राटाचा शिक्का सांभाळणार त्याची आई, म्हणजे आपली 'यी' ग्वेफेई. प्रत्येक हुकमाच्या आरंभी पहिला शिक्का आणि अखेरीस दुसरा उमटला पाहिजे, असे ठरले. मराठी कागदांवर वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे, त्याच जातीची ही योजना. आठ पुरुष हुकूम लिहू शकत होते, पण दोन स्त्रियांनी हात आखडता घेतला तर तो हुकूम नुसता कागद होता.

कारभाऱ्यांना हे फार उशिरा उमगले. राजमातांनी पडद्याआडून कारभार पाहावा अशी सूचना करणारा अर्ज आला तेव्हा पूर्वजांच्या नियमांत तसे नाही म्हणून त्यांनी तो झिडकारला. दोघी राजमाता बाल सम्राटाला घेऊन पुढे बीजिंगला निघाल्या; कारभाऱ्यांपैकी सर्वांत जहाल असा सूशुन शवपेटीबरोबर संथ गतीने मागून येत होता, कारण शवपेटीबरोबर राहणे हा मान होता आणि तो नाकारता येत नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्याला वाटेतच पकडले गेले आणि बीजिंगमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. नव्या राजवटीसाठी आधी ठरवलेले शकाचे नाव रद्द करून 'तोंगझी' हे नाव आणले गेले. त्याचा एक अर्थ एकत्र कारभार असाही घेतला जातो. यांगशिन महालाच्या पूर्वेकडच्या खोलीत सिंहासनामागे पिवळा पडदा लागला. पुढे मुलगा पाहायचा, त्याच्यामागे पडदा पाहायचा, आणि उत्तर पडद्यामागून यायचे. १९०८ मध्ये मरेपर्यंत, मधला काही काळ वगळता, त्सिशीचा शब्द शेवटचा राहिला.

शेवटचा सम्राट पुयी १९१२ मध्ये पदच्युत झाला, तरी त्याला आतल्या दरबारात राहू दिले होते. ५ नोव्हेंबर १९२४ रोजी त्याला तिथूनही बाहेर काढले गेले. त्यानंतर एक समिती आत शिरली आणि तिने खोली न खोली मोजायला घेतली. १० ऑक्टोबर १९२५ रोजी राजवाड्याचे संग्रहालय झाले. मोजणी चालूच राहिली आणि अखेर यादी ११ लाख ७० हजारांहून अधिक वस्तूंपर्यंत गेली. प्रत्येक महालाला एका जुन्या पाठ्यपुस्तकातल्या अक्षरांच्या क्रमाने एक अक्षर दिले होते. पहिले अक्षर 'आकाश', ते मिळाले छियानछिंग महालाला, जिथे पाटीमागे ती पेटी ठेवली जात असे. समितीचे लोक त्या महालाचे दार उघडून आत गेले, आणि सिंहासन, पाटी, पेटी हे सगळे समोर असताना 'आकाश, क्रमांक १' म्हणून त्यांनी जी वस्तू लिहिली, ती होती दोन पायऱ्यांचे एक लाकडी पायठणे.